डावीकडे बसलेली बर्टाबाई

मी एक जुनं भित्तिचित्र आहे, मित्रांनो, आणि अजूनही वैतागलेलं आहे. आयोवातल्या एका दूधदुभत्याच्या गावात, टपाल कचेरीत, पोस्टमास्तरांच्या दाराच्या वरच्या भिंतीवर माझी जागा.

१९३०च्या दशकातल्या महामंदीत चित्रकारांची उपासमार होऊ नये म्हणून सरकार त्यांना टपाल कचेऱ्यांच्या भिंती रंगवायला देत असे. माझ्या वाट्याला शहरातली हॅरिएट लिंडक्विस्ट आली. मोठी मेहनती पोरगी! महिनाभर गोठ्यागोठ्यांतून हिंडली आणि मग मधोमध बर्टा नायगार्ड ही शेतकरीण दूध काढताना रंगवली, जशी दिसली तशी.

मग गावकरी पत्रं न्यायला आले. आभाळ कुणी पाहिलं नाही, मक्याचं शेत कुणी पाहिलं नाही.

"अरे, ही गाईच्या डाव्या बाजूला बसलीय!"

"शहरातल्या बाईला गाय कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का?"

"शेजारचं गाव हसेल ना आपल्याला!"

इथे सगळे गाईच्या उजव्या बाजूला बसून दूध काढतात. पण बर्टा डावखुरी होती. ती स्वतः टपालाच्या खिडकीशी आली.

"ऑर्विल, मी तीस वर्षं अशीच बसतेय. गाईची तक्रार नाही, तुमचं काय दुखतंय?"

पोस्टमास्तर ऑर्विल खाली मान घालून शिक्के मारत राहिले. "तुझं खरं आहे गं, बर्टा. पण चित्र गावाचं आहे, तुझ्या एकटीचं नाही."

साठ सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला. उत्तर आलं: गावाचं समाधान करा, नाहीतर भिंत पांढरी करा. हॅरिएटने डोळे पुसत बर्टाला खरवडलं आणि उजवीकडे बसवलं. चेहरा बर्टाचा राहिला, हात भलत्याच बाईचे झाले.

"आता कसं अगदी हुबेहूब!" गाव म्हणालं. गिलाव्यासकट खाली कोसळावं, असं मला वाटलं.

ज्यांनी एवढा गोंधळ घातला, त्यांनी पुन्हा मान वर करून पाहिलं नाही. कुणी गाईच्या पोटात खिळा ठोकून सूचनाफलक टांगला. शेगडीच्या धुराने आभाळ काळवंडलं.

मित्रांनो, खिळा काढा, धूर पुसा, एवढं तर कराच. पण चित्रातलं माणूस चुकलंय असं वाटलं, तर खरवडण्याआधी त्याच्या घरी जाऊन या. बर्टा पुढे वीस वर्षं दर शनिवारी पत्रं न्यायला येत होती. गावातली मुलं माझ्यातल्या बाईकडे बोट दाखवून तिला विचारायची, "आजी, ही कोण हो?"

ती म्हणायची, "असेल कुणीतरी."