शास्त्रीबुवांच्या लेखावरचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. एरवी माझं तोंड गच्च मिटलेलं असायचं. आता कडी तुटून ते कायमचं उघडं राहिलंय, म्हणून बोलून घेतो.

जन्म अलीगढचा, नोकरी काशीत, ब्रह्मा घाटावरच्या एका मराठी विद्वत्सभेत. सभेच्या संशोधन-पत्रिकेचे सगळे अंक एका कपाटात आणि कपाटावर मी. नियम असा, की अंक फक्त सदस्यांनी, तोही सभेतच बसून वाचायचा. सदस्य चहाला येत आणि चहा पिऊन जात. माझ्या धाकामुळे संशोधन किती सुरक्षित आहे, या विचाराने माझी छाती फुगायची.

त्यातल्याच एका अंकात नरहरशास्त्रींचा ग्रहणगणितावरचा संस्कृत लेख होता. उभं आयुष्य घालवून लिहिलेला! हस्तलिखित माकडांनी पळवलं होतं आणि घरची प्रत कुणीतरी नेली ती नेलीच. सत्तरी उलटलेले शास्त्रीबुवा एकच म्हणत, "मी जाण्याआधी कुणीतरी वाचावा हो."

त्यांची सून देवयानी विद्यापीठात कॉम्प्युटरवर काम करी. सत्त्याण्णवच्या श्रावणात ती सासऱ्यांना घेऊन सभेचे चिटणीस विश्वेश्वरकाका यांच्याकडे आली.

"काका, अलमारी खोला. बाबांच्या लेखाची पानं मी इंटरनेटवर टाकते. जगात कुणीही मुफ्त वाचेल."

"मुफ्त? मग सदस्य कोण बनेल? आणि कुणी चोरलं तर?"

"नाव बाबांचंच राहील ना. वाचायला फक्त इजाजत नाही लागणार."

शास्त्रीबुवांचा चेहरा पाहून काका विरघळले. माझी किल्ली त्यांच्या जानव्याला असे. त्यांनी सदऱ्यात हात घातला आणि मटकन बसले. सकाळीच पंचगंगा घाटावर श्रावणी झाली होती. नवं जानवं अंगावर, जुनं किल्लीसकट गंगेत!

मी मनात हसलो. तेवढ्यात शास्त्रीबुवा घरून खलबत्त्यातला बत्ता घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझी कडी तोडली. फार दुखलं. रागही आला. म्हटलं, आता चोरांची रांग लागणार.

देवयानीने लेखाची पानं इंटरनेटवर टाकली. चोर काही आले नाहीत. काही महिन्यांनी केरळातल्या एका गणित-शिक्षकांचं तो लेख वाचून पत्र आलं. देवयानीने भीत भीत सांगितलं, "बाबा, ते म्हणतात हिशेबात एक गलती आहे."

"कुठे?"

"शेवटच्या पानावर."

"शेवटच्या!" शास्त्रीबुवा उडालेच. "अगं, म्हणजे पूर्ण वाचला!" त्यांनी सगळ्या गल्लीत जिलबी वाटली.

आता काका मला दुरुस्त करायचं म्हणतात. करा, पण बाबांनो, मला चपलांच्या कपाटावर लावा. चप्पल कुणी नेली तर माणूस अनवाणी घरी जातो. शास्त्रीबुवांचा लेख केरळात गेला, तरी तो अजून त्यांच्याजवळच आहे. आणि आता त्यातली चूकही दुरुस्त झाली आहे.