उडी शिकायला किती दिवस लागतात

या, जरा जवळ सरका. मागे भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे या, भिंत काही पडत नाही. आज तुम्हाला अशा माणसाची गोष्ट सांगते, जो आभाळातून उडी मारायला गेला आणि महिनोनमहिने खुर्चीवर बसून राहिला. हसू आलं तर खुशाल हसा. त्याला मात्र येत नव्हतं, एवढं ध्यानात असू द्या.

माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. उंच इमारतीच्या पोटात लिफ्टची जी काळोखी विहीर असते, तिच्यात उतरायचं, तारांना हात लावून बघायचं, वंगण घालायचं आणि खालून वरच्याला हाका मारायच्या. विहिरीत हळू बोललेलं वर पोचत नाही, त्यामुळे आवाज मोठा झालेला. घरी आलं की अंगावरचे कपडे बदलत, आवाज तोच राही.

त्याला एकच मुलगी. लहानपणी ती कपाटावरून, कठड्यावरून, चालत्या झोक्यावरून, जिथून म्हणून उडी मारता येते तिथून मारायची. म्हणून तो तिला टोळ म्हणे. टोळ मोठी झाली, कचेरीत खुर्चीवर बसली, आणि एक दिवस खुर्ची सोडून गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर पॅराशूटने उडी मारायला शिकली. पुढे तिथेच इतरांना शिकवायला लागली. एकदा उतरताना तिचा घोटा मोडला. पायाला प्लास्टर घालून ती घरी आली, आणि दारातच बापाची नजर त्या पायावर गेली.

काही माणसांना भीती वाटली की ती बाहेर पडताना रागाचे कपडे घालून पडते. मिस्त्री त्यातला. विहिरीतल्या आवाजात तो म्हणाला, "पुन्हा उडी मारलीस तर या घराची पायरी चढू नकोस!"

प्लास्टर निघालं. टोळाने पुन्हा उडी मारली आणि बापाचा शब्द पाळला. पायरी चढली नाही.

वर्षं गेली. आई तिला बाहेर भेटायची. बापाने फोन लावला की पलीकडून "हॅलो" ऐकू यायचं. फोन खाली. बारा मजले ऐकू जाणारा आवाज, त्याला दोन शब्द जमेनात. "मी चुकलो." एवढंच म्हणायचं होतं, आणि तिने पुन्हा एकदा बाबा म्हणून हाक मारलेली ऐकायची होती. त्यापलीकडे त्याला काही नको होतं.

आता सरळ माणूस असता तर जाऊन दार ठोठावलं असतं. हा ताकाला जाऊन भांडं लपवणारा. हा विद्यार्थी झाला!

विमानतळावरच्या खिडकीशी जाऊन त्याने विचारलं, "शिकायला किती दिवस लागतात?"

आतला कारकून पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाला, "एक दिवस जमिनीवरचा वर्ग. दुसऱ्या दिवशी पहिली उडी, हवा बरी असेल तर. मग एकट्याने उडायला तयार व्हायला दोन-तीन आठवडे. हवा बरी असेल तर."

'हवा बरी असेल तर' हे कारकुनाने दोनदा म्हटलं. मिस्त्रीच्या कानात 'एक दिवस' तेवढं शिरलं. त्याने मनात हिशेब मांडला: शनिवारी वर्ग, रविवारी विमान. विमानात ती शेजारी असेल. तिथून ती उठून जाणार कुठे? बोलून टाकू. सोमवारी कामावर.

देवबाप्पा तेव्हा वर बसून मिशीतल्या मिशीत हसला असेल.

शनिवारी तो पोचला तेव्हा टोळ वर्गात आधीच उभी होती. सगळ्यांवरून नजर फिरवली, तशी त्याच्यावरूनही फिरवली. मध्ये कुठे अडखळली असेल तर ते फक्त तिला माहीत.

"उशीर झालाय तुम्हाला," ती म्हणाली. "मागच्या खुर्चीवर बसा."

तो बसला. दिवसभर तिने शिकवलं. फळ्यांचं खोटं विमान, त्याला खोटं दार. लाकडी कट्ट्यावरून उडी मारायची, पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, आणि जमिनीला टेकताच कुशीवर लोळायचं. पहिल्या उडीला पॅराशूट आपोआप उघडावं म्हणून त्याचा दोर विमानातच अडकवतात, तेही तिने दाखवलं. शेवटी म्हणाली, "दारात आल्यावर नको वाटलं, तर नको म्हणा. कोणी कारण विचारणार नाही. कोणी हसणार नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कोणी ओरडणारही नाही."

वर्ग सुटल्यावर तो मागे रेंगाळला. "ते मी..."

"शंका आहे का काही?"

"शंका... नाही."

"मग उद्या वेळेवर या."

रविवारी तो वेळेच्या आधी हजर. आणि खांबावरची कापडी पिशवी, वारा दाखवणारी, हात लांब करून कोणाला तरी हाकलून द्यावं तशी आडवी ताठ! फळ्यावर खडूने लिहिलेलं: 'विद्यार्थी: थांबा.'

तो थांबला. त्या खोलीत एक टेबल, बैठका मोडलेल्या खुर्च्या, आणि नाणं गिळून काहीही न देणारं चहाचं यंत्र. मिस्त्रीने त्या यंत्राला दोन गुद्दे घातले, उघडून दुरुस्त करून देतो म्हणाला, त्यालाही नियमात परवानगी नव्हती. जास्त चीड याची, की वारा सगळ्यांसाठी नव्हता. जुने, सरावलेले लोक हसतखिदळत विमानात बसत होते, रंगीबेरंगी होऊन खाली येत होते, पुन्हा वर जात होते. त्यांना चाले तो वारा शिकाऊंना चालत नसे. टोळ त्यांच्याबरोबर वर जाई, खाली येई, खोलीतून घाईने जाई. याच्या खुर्चीशी तिची पावलं हळू होत नसत.

पुढच्या रविवारी ढग. त्याच्या पुढच्या रविवारी विमानाचं चाक. मग पुन्हा वारा. आठवडाभर काय सुंदर पडलेली हवा असे! लिफ्टच्या खोलीच्या झरोक्यातून मिस्त्री झाडांकडे बघे, पान हलत नसे, आणि हा दात-ओठ खाई. शनिवारी रात्री निजताना पडदा निश्चल. रविवारी सकाळी तोच पडदा अंगात आल्यासारखा.

"तुमचं आणि वाऱ्याचं मागच्या जन्मीचं वैर दिसतंय," बायको म्हणाली.

एका रविवारी टोळ खिडकीशी आली. कारकुनाला नाही, थेट त्यालाच म्हणाली, "महिना उलटून गेला. जमिनीवरच्या वर्गाची मुदत संपली. पुन्हा करावा लागेल."

"पुन्हा? कुठपासून?"

"पहिल्यापासून."

"मला सगळं तोंडपाठ आहे! विचारा! कुठूनही विचारा!"

"पाठ सगळ्यांनाच असतं. नियम आहे."

पुन्हा शनिवार. पुन्हा फळ्यांचं विमान. पुन्हा "कोणी ओरडणार नाही." पुन्हा रविवार, पुन्हा ती मेली पिशवी. मुदत पुन्हा संपली, वर्ग पुन्हा झाला. त्याच्याबरोबर सुरुवात केलेले शिकून, उडून, दुसऱ्याच छंदांना लागले. नवे आलेले त्याला शिक्षक समजून शंका विचारू लागले.

घरी स्टुलावरून उड्या मारण्याचा सराव चालला. खालच्या मजल्यावरची शेजारीण वर आली. "काकू, वर काय फोडताय हो?"

"काही नाही गं," बायको म्हणाली, "आमचे हे उतरतायत."

शेजारीण गेल्यावर तिने कमरेवर हात ठेवले. "अहो, दोन शब्दांसाठी एवढ्या उंचावरून पडायची काय गरज? फोन उचला आणि बोला."

"फोनवर नाही जमत."

"मग तिच्या दारात जा."

"तिने दार उघडलं नाही तर?"

"आणि विमानाचं उघडेल?"

"ते तर तिला उघडावंच लागतं!"

बायकोने कपाळावर हात मारला आणि स्टुलाखाली चादरीची घडी सरकवली.

मग त्या खोलीत एक दातांची डॉक्टरीण आली. मोठी बोलघेवडी, बहुधा दिवसभर समोरच्यांची तोंडं उघडी आणि मुकी असतात म्हणून. तिचा वर्ग आठवड्याच्या मधल्या वारी, दुसऱ्या तुकडीत झाला होता. वाऱ्याला शिव्या घालताघालता ती म्हणाली, "बाकी मॅडम शिकवतात छान हं! ते दोराचं मला फार आवडलं. 'हात लावून ओढून बघितल्याशिवाय दोरावर भार टाकायचा नाही.' त्यांच्या बाबांचं आहे म्हणे ते. लिफ्टचं काम करतात, लेकीला लहानपणी कामावर नेत, तेव्हा सांगत. तुम्हाला नाही सांगितलं?"

मिस्त्री आठवून बघू लागला. त्याने तो वर्ग इतक्यांदा केला होता की मधल्या शिंकासुद्धा त्याला पाठ होत्या. त्याच्या वर्गात हे वाक्य कधी आलं नव्हतं. दुसऱ्यांना ती बाप सांगत होती आणि बाप समोर बसला की गिळून टाकत होती. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप: वाऱ्यावर, नियमावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या थोरल्या, निकामी आवाजावर.

आणि एका रविवारी पिशवी लोंबकळली. मेलेल्या माशासारखी. फळ्यावरचं 'थांबा' कोणीतरी बाहीने पुसलं.

पट्टे चढवल्यावर ती तपासायला आली. हाही नियमच. छातीचा पट्टा ओढून बघितला, मांडीचे दोन्ही आवळले, खांद्याशी पिळलेला सरळ केला. इतक्या वर्षांनी लेकीचा हात लागला होता, तोही बकलांना. मिस्त्री श्वास रोखून उभा. बोल, बोल आता! पण मागे रांग होती, आणि ती पुढच्याकडे सरकली.

विमान एवढंसं. त्याच्या तळावरच गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. चालवायला एक बाई, मागे दातांची डॉक्टरीण, मिस्त्री आणि टोळ. आवाज असा, की दातांची पाळंमुळं हलावीत. मिस्त्रीने तोंड उघडलं, त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. अरे देवा! सगळं योजलं होतं, इंजिनाचा आवाज तेवढा योजला नव्हता.

वर गेल्यावर दार उघडलं. डॉक्टरीण "आई गं" म्हणत गेलीसुद्धा. टोळाने याचा दोर अडकवला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने हात लावला, ओढून बघितला. घट्ट. तिने मान हलवली.

तो दारात बसला, पाय बाहेर. जन्म विहिरीत गेलेला माणूस. विहिरीला चार भिंती असतात हो! इथे एकही नव्हती. खाली कुठेतरी नखाएवढं मैदान. याच दारातून ही पोर रोज जाते. मोडल्या पायाने पुन्हा गेली. आणि मी तिला काय म्हणालो!

"नको," तो म्हणाला. ऐकू गेलं नसणार, पण तिला कळलं. तिने त्याला आत ओढलं, दोर सोडवला, दार लावलं. कोणी कारण विचारलं नाही. कोणी हसलं नाही. ती त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसली.

झालं! एवढे रविवार, एवढे वर्ग, ते स्टूल, ती चादर, आणि शेवटी नको! मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. आता तिच्यासमोर लाज राखायचीही उरली नव्हती. त्याने छातीत सगळी हवा भरली, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विहिरीच्या तळातून ओरडावं तसा ओरडला,

"टोळा, मी चुकलो होतो!"

आणि नेमकं त्याच वेळी, विमान खाली न्यायचं म्हणून चालवणारीने इंजिन हळू केलं होतं. तेवढ्याशा पेटीत ते वाक्य या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिलं.

चालवणारी दचकून मागे वळली. "कोण चुकलं? मी बरोबर चाललेय!"

टोळाने कानावर हात घट्ट दाबून धरला होता. बराच वेळ तिने काढला नाही. मग म्हणाली, "ओरडतोस कशाला, बाबा? इंजिन हळू झालंय."

खाली उतरल्यावर तो पट्ट्यांशी झटापट करत होता. तिने येऊन सोडवून दिले.

"मग आता?" त्याने विचारलं.

"आता काय? उडी झाली नाही. आणि उद्या मुदत संपतेय."

"म्हणजे पुन्हा..."

"पहिल्यापासून."

त्याने तोंड उघडलं. तिने बोट वर केलं. त्याने तोंड मिटलं.

"संध्याकाळी घरी येते," ती म्हणाली. "ते स्टूल बघायचंय मला. आई म्हणते, तू पाय जुळवत नाहीस."

त्या संध्याकाळी ती पायरी चढली. एक पाय अजून किंचित जपून टाकते. तो दारात उभा होता आणि कोणी न सांगता गप्प होता. थोड्या वेळाने खालच्या शेजारणीने वर येऊन विचारलं, आज दोघं उतरतायत का.

त्याने पुढे उडी मारली का, असं विचाराल. नाही हो, अजून कुठे! वर्ग पुन्हा झालाय. आता त्यात दोराचं ते वाक्य येतं, आणि मागच्या खुर्चीवरचा एक विद्यार्थी तेव्हा छताकडे बघतो. पण रविवार उजाडला की वारा सुटतोच, आणि मिस्त्री खोलीत बसून त्या चहाच्या यंत्राला गुद्दे घालतोच.

म्हणून एक मागणं आहे. रविवारी सकाळी डोळा उघडेल तेव्हा खिडकीच्या पडद्याकडे बघा. तो हलत असेल, तर त्या बापाची आठवण काढा, आणि वाऱ्याच्या मालकाकडे त्याच्यासाठी एक शब्द टाका. हळू बोललात तरी चालेल. तिथे ऐकू जातं.