सर्वानुमते मधला गिअर

सूर्यकांतदादांच्या अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये साबुदाण्याच्या खिचडीवर गाडीचा गिअर रेशो ठरवायची मीटिंग भरली, तेव्हाच अस्मिताचं डोकं उठलं होतं. गाडी म्हणजे एक जुनी जपानी हॅचबॅक, फक्त ट्रॅकवर पळवायला घेतलेली. भागीदार चौघे: अस्मिता, तिचा नवरा वेदांग, निनाद आणि दादा. दादा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे गाडीचंही मंडळच झालं होतं.

गिअरबॉक्स शारजाला खैरुद्दीनच्या गॅरेजमध्ये उघडून ठेवला होता. त्यातली शेवटची दातेरी जोडी कुठली बसवायची, एवढाच काय तो प्रश्न. अस्मिताचा जीव त्यात अडकला होता, कारण शनिवारी ट्रॅकवर तहसीन येणार होती. तहसीनची बायकांची रेसिंग टीम होती आणि तिला ड्रायव्हर हवी होती. एकच.

"चार पॉइंट सात," अस्मिता म्हणाली. "गाडी झटक्यात उठते. ते डावीकडचं लांब वळण अख्खं चौथ्या गिअरमध्ये निघतं."

"आणि टॉप स्पीड?" दादांनी चमच्यासकट हात हलवला. "व्हिडिओत काटा दोनशेच्या पुढे दिसायला नको? चार पॉइंट एक लावा. पुण्याची मंडळी बघतात आपले व्हिडिओ!"

"तेही चालेल एक वेळ. मग ते वळण तिसऱ्यात घेईन. पण काहीतरी एक ठरवा."

इथे वेदांगने तोंड घातलं. हा माणूस ऑफिसात म्हणे निगोशिएशनचा किंग! "अरे, भांडताय कशाला? मधलं घेऊ या ना, चार पॉइंट चार. दादांचंही राहील, हिचंही राहील."

"वेदांग, मधल्यात बरोब्बर वळणाच्या पोटात तिसऱ्या गिअरचा जोर संपतो! तिथे चौथा टाकला की गाडी मरते. दोन्हीकडून बोंब."

"थोडं अ‍ॅडजस्ट कर की गं," निनाद म्हणाला.

झालं! दादांनी 'सर्वानुमते' म्हणून जाहीर केलं आणि बायकोला, म्हणजे विभावरीवहिनींना, चहा टाकायला सांगितलं. सर्वानुमते, डोंबल! अस्मिताला त्या शब्दाची किळस आली. लोखंडाच्या चाकाचे दात, तेही यांनी लग्नातल्या मानपानासारखे वाटून घेतले. पण दादा वयाने मोठे, खिचडी त्यांच्या घरची. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचीही तिला शिसारी आली.

सोमवारी तिने गुपचूप खैरुद्दीनला फोन केला. "मॅडम, वेदांगभाई का फोन आ गया था," तो म्हणाला. "फिट हो गया, खलास."

शनिवारी तहसीन तिच्या शेजारी बसली. पहिल्या फेरीत वळणाच्या मध्यावर इंजिन किंचाळलं, अस्मिताने चौथा टाकला आणि गाडीचा दमच गेला. दुसऱ्या फेरीत तिने तिसरा तसाच धरून ठेवला, तर इंजिन उचक्या द्यायला लागलं. तिसऱ्या फेरीत आधीच चौथा टाकला, तर मागून आलेला एक जण सहज पुढे निघून गेला.

ट्रॅकबाहेर पिटमध्ये गाडी थांबली आणि तहसीनने हेल्मेट काढलं. "हाथ अच्छा है तुम्हारा. ये गिअरिंग किसने चुना?"

वेदांग पाण्याची बाटली घेऊन लगबगीने पुढे आला. "इसीने! हमारी इंजिनियर है ना." चेहऱ्यावर कोण कौतुक! आपण बायकोला मान देतोय, असंच त्याला वाटत होतं.

अस्मिताने बाटली बाजूला सारली. "झूठ! मैंने मना किया था. इन लोगों ने नाश्ते पे बैठके बीच का निकाला."

"अगं, बाहेरच्या माणसासमोर काय हे?" वेदांग कुजबुजला. "दादांना काय वाटेल?"

तहसीनला मराठी कळत नव्हतं. ती अस्मिताकडेच बघत होती. "तुमको पता था, फिर भी यही गाडी लेके आई?"

अस्मिता मान खाली घालून हातमोजे काढायला लागली.

"मेरी टीम में गाडी गलत हो तो ड्रायव्हर को बोलना पडता है. चिल्लाके." तहसीनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुढच्या गाडीकडे निघून गेली. तिथे दुसरी एक मुलगी हेल्मेट घालून तयार होती.

"जाऊ दे गं," वेदांग म्हणाला. "पुढच्या मीटिंगला हा विषय घेऊ आपण."

अस्मिताने त्याच्या हातातली बाटली घेतली, खळखळून चूळ भरली आणि त्याच्या नव्याकोऱ्या रेसिंग बुटांवर थुंकली.