नको म्हटलेले लाडू

कुणी रिकाम्या हातानं दारातून गेलं की अहिल्येला दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या तिच्या घरातून प्लंबरसुद्धा चिवड्याची पुडी घेऊन जायचा. मग एकुलता एक नकुल आर्क्टिकला निघालेला, तो कसा सुटणार!

अलास्काच्या पार उत्तरेला एक नॅशनल पार्क आहे. तिथं रस्ता नाही की पायवाट नाही; छोटं विमान तळ्याकाठी सोडतं आणि आठवड्यानं न्यायला येतं. नकुल आणि त्याचा मित्र देवांग तिथं चालले होते. अहिल्येनं डिंकाचे लाडू वळले.

"आई, नको ना," नकुल म्हणाला. "वासावर अस्वल येतं, म्हणून वास येणारं सगळं त्याला उघडता न येणाऱ्या डब्यात लॉक करायचं असतं, टूथपेस्टसुद्धा. डबा टेंटपासून लांब ठेवतात. आणि तो फुल आहे. आय ॲम सिरियस."

आता खाण्याच्या बाबतीत 'नको' म्हणजे खरंच नको, असं आपल्याकडे कोणती आई धरते? 'नको' म्हणजे अजून आग्रह करा. तो आंघोळीला गेला तेव्हा तिनं लाडूंची पिशवी त्याच्या लोकरी मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी दडवली. थंडीत हाताला लागेल, हसेल, 'ही आई म्हणजे ना!' म्हणेल. एवढ्यावरच ती खूश होती.

नकुल परत आला तो पेटीतून. पहाटे अस्वल त्याच्या तंबूत शिरलं होतं. देवांग पलीकडच्या तंबूतून धावला, ओरडून ओरडून त्यानं अस्वल हाकललं, पण तोवर सगळं संपलं होतं. अहिल्येचा नवरा प्रल्हाद येईल त्याला एकच सांगायचा, "सगळे नियम पाळले होते हो पोरानं. त्याच्याच तंबूत का शिरलं, देव जाणे." अहिल्या मान खाली घालून ऐकायची. ती पिशवी तिच्या काळजात रुतून बसली होती, आणि विचारायची सोय नव्हती.

महिन्याभरानं देवांग भेटायला आला. प्रल्हाद फोन घ्यायला आत गेला तसं तिनं घाईघाईनं विचारलं, "देवांग, त्याच्या बॅगेत मी लाडू ठेवले होते रे. सापडले का त्याला?"

देवांगनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "हो काकू. विमानातून उतरल्या उतरल्या आम्ही दोघांनी फिनिश केले. एकही उरला नाही."

अहिल्येला रडू कोसळलं. महिनाभर कोंडलेला श्वास सुटला. पोरानं खाल्ले होते. तिच्यामुळे काही झालं नव्हतं.

"आवडले का त्याला?"

"खूप. बेसनाचे म्हणजे त्याचे फेव्हरिट ना, काकू!"

बेसनाचे लाडू तिनं केलेच नव्हते. तिचे डोळे तिथल्या तिथे आटले. या पोरानं ते लाडू तोंडात घातलेच नव्हते. त्यानं पाहिली असेल ती अस्वलानं फाडलेली पिशवी.

"हो," ती म्हणाली. "बेसनाचेच होते."

देवांग निघाला तेव्हा प्रल्हाद सवयीनं म्हणाला, "अगं, त्याला काहीतरी बांधून दे."

अहिल्या जागची हलली नाही. मग दाराशी जाऊन तिनं देवांगच्या पाठीवरची बॅग तळापासून वरपर्यंत चाचपली.

"खायचं काही नाही ना रे यात?"

"नाही काकू," देवांग म्हणाला, आणि तिला सगळं कळलंय हे लक्षात येऊन उंबऱ्यातच ओक्साबोक्शी रडू लागला. तिनं त्याचे डोळे पदरानं पुसले आणि त्याला तसंच, रिकाम्या हातानं, जाऊ दिलं.