पात्रपरिचयाचं पान

व्यंकटरावांच्या घरी रहस्यकथा वाचायची म्हणजे आधी स्टेपलर लागायचा. शेवटचं प्रकरण पिना मारून बंद करायचं आणि सुरुवातीचं पात्रपरिचयाचं पानही. कोण कुणाचा मेहुणा एवढंही ज्याच्या लक्षात राहत नाही, त्यानं खुनी शोधायच्या भानगडीत पडू नये, असं त्यांचं म्हणणं. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण ऐट न्यायाधीशाची. दर रविवारी त्यांची मुलगी वैदेही सिडकोतून समर्थनगरला यायची आणि दोघं आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचे. त्यांच्या आवडीच्या पुस्तकांत लेखक शेवटाच्या जरा आधी गोष्ट थांबवून सरळ वाचकालाच विचारायचा, की सगळे धागे तुमच्यापुढे टाकलेत, आता सांगा खुनी कोण. मग दोघं आपापल्या चिठ्ठीवर नाव लिहायचे आणि पिना उपसायचे.

व्यंकटराव, म्हणजे वैदेहीचे अण्णा, या खेळात पक्के लबाड. "हा डॉक्टर कोण गं?" असं भोळेपणाचं सोंग घ्यायचे आणि चिठ्ठीत नेमकं डॉक्टरचंच नाव निघायचं. चाळीस वर्षांत वैदेही जिंकली असेल ती फार तर चार वेळा.

त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर अण्णा तेच पान दोनदा वाचू लागले, तेव्हा ती गालातल्या गालात हसली. ते वाचायची पाळी टाळू लागले, ज्याचा खून झाला त्यालाच संशयित धरू लागले. म्हाताऱ्यानं नवा डाव काढलाय, असं तिला वाटलं. मग एका रविवारी तासाभरात पाचव्यांदा त्यांनी डॉक्टर कोण म्हणून विचारलं आणि तिचं डोकं फिरलं.

"पुरे करा अण्णा हे नाटक! दर वेळी मलाच मूर्ख बनवायचं का?"

पुस्तक आपटून ती निघून गेली. 

बुधवारी दुपारी बिडकीनहून फोन आला. बसस्टँडजवळचा चहावाला कडूबा बोलत होता. "ताई, वैदेही तुम्हीच का? तुमचे वडील इथं बसलेत, लई वेळ झाला. कुठं जायचं ते सांगता येईना त्यांना. तुमचा नंबर त्यांच्या पुस्तकात घावला."

तीस वर्षांपूर्वी अण्णांची बदली बिडकीनला झाली होती. ते कामावर निघाले होते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि विचारलं, "आधी काही लक्षणं दिसली नाहीत का?" वैदेही 'नाही' म्हणायला गेली आणि तिला तो रविवार आठवला. सगळे धागे वर्षभर तिच्यापुढे पडलेले होते. शेकडो खुनी शोधत बसलेल्या या शहाणीला आपला बाप हरवत चाललेला दिसला नव्हता, आणि वर ती त्यांच्यावरच ओरडली होती. आपल्याइतकी निर्दयी मुलगी जगात नसेल, असं तिला वाटलं.

अण्णांना तिनं सिडकोत आपल्याकडे आणलं. रविवारी सकाळी तेच पुस्तक घेऊन ती त्यांच्या पलंगाशी बसली. कडूबाला नंबर कुठं सापडला, हे तिनं अजून पाहिलंच नव्हतं. उघडलं तर पात्रपरिचयाच्या पानाच्या पिना उपसलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी कॉपी केली होती. प्रत्येक नावापुढे पेन्सिलची खूण होती आणि डॉक्टरच्या नावाखाली तीन रेघा. छापील नावं संपली त्याच्या खाली, त्यांच्या कारकुनी अक्षरात, आणखी एक पात्र होतं:

'वैदेही – माझी मुलगी. दर रविवारी येते.' पुढे तिचा नंबर.

म्हणजे त्यांना कळत होतं. कुणाला न सांगता ते एकटेच सगळ्यांना धरून ठेवायला बघत होते. वैदेहीनं पदर तोंडाशी धरला.

"वाचा ना बाई," अण्णा म्हणाले.

उभ्या जन्मात ते तिला कधी अहो-जाहो करून बोलले नव्हते.

तिनं यादीपासूनच सुरुवात केली. डॉक्टर, मेहुणा, वकील, माळी अशी एकेक नावं वाचत गेली आणि शेवटची ओळही वाचली, फक्त नंबर सोडून. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मग जुन्या ऐटीत त्यांनी बोट वर केलं.

"ही शेवटची आहे ना, ही खुनी नाही. हिला वगळा."

"कशावरून, अण्णा?"

"दर रविवारी येते की ती."