साडेपाचनंतरची पाहणी

आमचं वॉशिंग मशीन काम संपलं की पीं-पीं करतं. दुपारच्या शांततेत ते ओरडलं आणि टिल्लूने डोळे उघडले. नगरपालिकेतल्या बैठकीत बोलायचे मुद्दे अजून अर्धेच लिहून झाले होते.

"झोप गं राणी, अजून थोडी."

"झाली माझी झोप," म्हणत तिने माझ्या पेनाचं टोपण ताब्यात घेतलं. गालावर उशीची शिवण उमटलेली. रागवायचं तरी कसं?

सासूबाई डोळे तपासायला निघाल्या होत्या, म्हणजे हिला बैठकीला घेऊनच जाणं आलं. "युवा सल्लागार समिती म्हणे!" चपला घालता घालता त्या म्हणाल्या. "लेकरू कडेवर आणि म्हणे युवा. जगाला सल्ले देऊन झाले की स्वतःच्या अभ्यासाचंही बघ जरा."

त्या अभ्यासासाठीच तर सगळी धडपड. लेखापालाची परीक्षा, यंदाची शेवटची संधी. घर दोन खोल्यांचं. संध्याकाळी नवरा कामावरून येतो, टिल्लूला सांभाळतोही, पण मी डोळ्यांसमोर दिसले की ती माझ्याच मांडीवर. रस्त्यापलीकडे नगरपालिकेचं वाचनालय आहे. लांब टेबलं, चांगले दिवे. ते साडेपाचला बंद होतं. तरुणांसाठी धोरण करतोय, सल्ला द्या, असं नगरपालिकेने म्हटल्यावर आम्ही समितीवाल्यांनी एकच गोष्ट मागितली होती: वाचनालय नऊपर्यंत उघडं ठेवा.

बैठक कामाच्या दिवशी, भर दुपारी. म्हणजे नोकरी-कॉलेजवाल्यांपैकी कुणी फिरकणार नाही याची पक्की सोय. आलो मी, टिल्लू आणि रात्रपाळीनंतरची झोप मोडून आलेला लांबू. उंचीमुळे त्याला सगळे हेच म्हणतात.

"बघा, तरुणांनाच रस नाही," रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत नगरपालिकेचे साहेब म्हणाले. मग त्यांनी फाइल उघडली. "तुमच्या मागणीवर रीतसर पाहणी केली. पहारेकऱ्याने महिनाभर रोज जाऊन पाहिलं. साडेपाच ते नऊ या वेळात वाचनालयात एकही तरुण आढळला नाही. गरज दिसत नाही. विषय संपला."

लांबूची जांभई अर्ध्यातच थांबली. "साहेब, वाचनालयाला कुलूप होतं ना?"

"अर्थात! वेळ संपल्यावर कुलूप नको?"

"मग आत माणूस आढळणार कसा? भिंतीतून जाऊन बसणार?"

"तिरकस बोलू नका. पाहणी म्हणजे पाहणी."

"बाहेर पायरीवर बसलो तर मोजाल?" मी विचारलं. टिल्लू टेबलाखाली माझ्या चपलेचा पट्टा सोडवत होती. एका हाताने लेकीला धरून भांडायचं म्हणजे भांडणात निम्माच जोर उरतो.

"पायरी वाचनालयात धरत नाहीत," साहेब अगदी मायेने म्हणाले. "ताई, लहान मूल आहे तुमचं. कशाला एवढा त्रास? धोरणाच्या मुखपृष्ठावर तुम्हा दोघींचा फोटो टाकू. छान दिसेल."

डोक्यात सणक गेली. "फोटो नको. किल्ली द्या."

"ते माझ्या हातात नाही हो."

बाहेर आल्यावर लांबू म्हणाला, "चला ताई, झोपतो जाऊन. स्वप्नात तरी उघडं असेल."

संध्याकाळी मी पुस्तक घेतलं आणि सरळ वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसले. धरा नाहीतर नका धरू. टिल्लू बापाचा हात सोडवून मागोमाग आलीच. पहिलं पान उलटतेय तोवर पहारेकरी आला. पाहणी संपली होती, पण थांबव म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ताई, जरा सरकता का? आत कुणी आहे का बघायचंय."

मी सरकले. त्याने कुलूप हलवलं, काचेतून आत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि गेला.

टिल्लूनेही काचेला नाक लावलं. लांब टेबलं, ओळीने खुर्च्या, सगळं तिने नीट न्याहाळलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"आई, आत तर कुणीच नाहीये. मग कुलूप कुणासाठी लावलंय?"