आतून मेण लावायचं नाय

आमच्या घरातली सागाची पेटी माझ्या सासऱ्यांच्या आज्याची. कोपऱ्यांना पितळ, आणि आत माणूस झोपेल एवढी मोठी. जुहूवरून एक बाई वेसाव्याला मासे घ्यायला येते, तिनं एकदा घरात डोकावून विचारलं, कुठलं पॉलिश मारता? म्हटलं, पॉलिश कसलं डोंबलाचं! मधमाश्यांचं मेण आणि जवसाचं तेल. वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, तुपासारखं थिजू द्यायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं घासायचं. नारळी पौर्णिमेच्या आधी होड्यांना रंग आणि पेटीला मेण, हे आमचं ठरलेलं. सासूनं एकच ताकीद दिलेली: आतून मेण लावायचं नाय, कपड्यांना वास लागतो.

त्या पेटीत आता हितेशचे कपडे आहेत. माझा मोठा मुलगा. गेल्या हंगामात त्याची होडी सापडली, तो सापडला नाय. सगळे म्हणाले, कमळ, कपडे वाटून टाक. स्वतःचे वाटा म्हटलं. त्याचा निळा टीशर्ट मी धुतलेला नाय. बाजारातून आले की झाकण उघडायचं, टीशर्टात तोंड खुपसायचं, दोन श्वास घ्यायचे आणि बंद करायचं. जास्त घेतले तर वास संपेल अशी भीती वाटायची. त्यावरच जगत होते, खोटं कशाला बोलू.

माझा नवरा चंदू तेव्हापासून मुकाच झाला. बंदरावर जायचा नाय, पुढ्यात ताट ठेवलं तर कसेबसे दोन घास. पाऊस लागला की तेवढा उठून बसायचा आणि म्हणायचा, भिजत असेल. बाकी शब्द नाय.

मुलगी समीक्षा म्हणाली, आई, बाबांच्या हाताला काहीतरी काम दे. म्हणून या वर्षी मेण वितळवलं आणि वाटी चंदूच्या हातात दिली. त्यानं वास घेतला, फडकं उचललं आणि घासायला बसला. लाकडाच्या रेषेबरोबर, सरळ, दाबून. मला रडूच आलं. टोपली उचलून बाजारात गेले आणि त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाशी भांडले नाय.

परत आले तर पेटी चकाचक, आणि चंदू छिन्नी-हातोडी घेऊन झाकणाशी बसलेला. देव्हाऱ्यातला वातींचा सगळा कापूस त्यानं संपवला होता. होडीच्या फळ्यांमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठोकतात ना, तसा मेणात भिजवून झाकणाच्या फटीत ठोकला होता, चारी बाजूंनी. वरून उरलेलं मेण ओतलेलं. फट कुठे होती तेसुद्धा बोटाला कळेना.

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले, त्याच्या बापालाही सोडलं नाय. मासे कापायची सुरी आणली आणि टोक झाकणाखाली घातलं. तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं, अगदी हळू.

"कमळ, आता पाणी शिरणार नाय," तो म्हणाला. "पोरगा कोरडा राहील."

हितेश गेल्यापासून त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. मी सुरी खाली ठेवली.

मग त्यानं जेवायला मागितलं. बोंबलाचं कालवण आणि भात पोटभर जेवला आणि पेटीला टेकून झोपला. समीक्षा म्हणते, बाबा सुधारले. हो गं बाई, सुधारले. रोज सकाळी उठून फटीवरून अंगठा फिरवतो, कुठं चीर गेली का बघतो. एक दिवस जरी चीर सापडली तरी हा माणूस परत मुका झाला समजा. एक गेला, आता दुसराही घालवू?

बाजारातून आले की मी अजून पेटीशी वाकते. सवय, दुसरं काय. झाकणाला नाक लावते, दोन श्वास घेते. आता किती पण घेतले तरी चालतात, संपायची भीती नाय. नुसता मेणाचा वास येतो.